ळ नळाचा

बाबा, परवा मी आपल्या कॉलनीत जाऊन आले. तुम्हांला जाऊन सत्तावीस वर्षं झाली, तेव्हा आधी एक गोष्ट सांगायला हवी, जी तुम्हांला कळली नाही तेच बरं झालं. कारखाना बंद पडला. तुमच्यामागे चारपाच वर्षांतच. आधी रात्रपाळी गेली, मग भोंगा गेला, मग माणसं गेली. ज्यांनी लखनौत इंदिरा नगरला दोन खोल्या बांधल्या होत्या ते तिकडे राहायला गेले, बाकीचे आपापल्या मुलखाला परतले, आणि चिनहटच्या पुढे फैजाबाद रोडच्या आत आपली अख्खी कॉलनी तशीच उभी राहिली. लोकांनी दारं नेली, खिडक्या नेल्या, मोऱ्यांच्या फरश्यासुद्धा उपटून नेल्या. राहिली ती एक शाळा. तीसुद्धा आपोआप राहिली नाही. आमच्यातल्या काही जुन्या पोरापोरींनी परवानगी काढली, छत नीट करून घेतलं, बाक पुसले, फळा काळा केला, आणि आता रविवारी कुणीही येऊन बघावी अशी ती जपून ठेवली आहे. ओसाड गावात एकटीच आंघोळ करून, वेणीफणी करून बसल्यासारखी दिसते.

मी इतकी वर्षं गेले नव्हते. इंदिरा नगरहून अर्ध्या तासाचा रस्ता, पण नाही गेले. परवा जावंच लागलं. आमचा जुन्या विद्यार्थ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. ग्रुप म्हणजे काय ते तुम्हांला कसं सांगू, चावडी समजा, फक्त कुणी चहा पाजत नाही. त्यावर तिसरीच्या वर्गातल्या भिंतीचा फोटो आला आणि खाली लिहिलेलं होतं, "रविवार को पेंटर आ रहे हैं, वर्णमाला दोबारा लिखवा रहे हैं. ह के बाद एक अक्षर ग़लत लिखा है, उसे मिटवा देंगे." मी मेथी निवडत होते. जुडी तशीच टाकली आणि लेकीला हाक मारली, म्हटलं रविवारी गाडी काढ, मला शाळेत जायचंय. ती म्हणाली, "मम्मी, रिटायर हो गई हो आप. कौन सा स्कूल?" तिला मराठी सगळं कळतं बाबा, पण उत्तर हिंदीतच येतं. तुमच्यासमोर असती तर तुम्ही तिचा कान धरला असता, आणि मग तिच्याच बाजूने माझ्याशी भांडला असता.

धुकं होतं. फैजाबाद रोडवरून आत वळलो तर आधी काहीच दिसेना. मग एक खांब दिसला आणि त्यावर गंजलेला पत्रा, "धीरे चलें". लेकीने गाडी खरंच हळू केली. मी मात्र त्या पाटीकडे बघतच राहिले. त्यातला ल आपला होता. दोन गोल पाकळ्यांचा, मधून दांडी उतरलेला आपल्याकडचा ल. इकडचा ल कसा, उजव्या हाताला काठी टेकून उभा असतो. तुम्ही कारखान्याच्या पेंट विभागात एकतीस वर्षं पाट्या लिहिल्या, हिंदीतच लिहिल्या, एक काना इकडचा तिकडे होऊ दिला नाहीत, पण ल तेवढा आपल्या भंडाऱ्याचाच ठेवलात. पुढे गेलो तर "कूड़ा यहाँ न डालें". त्यातही तोच. पाण्याच्या टाकीवर "पीने का जल", तोच. मग क्वार्टरांचे नंबर सुरू झाले. छपरं कोसळली आहेत, चौदा नंबरच्या ओट्यातून पिंपळ वर आलाय, आमच्या शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात एक नीलगाय उभी होती आणि आम्हीच आगंतुक असल्यासारखं आमच्याकडे बघत होती. पण नंबर जागच्या जागी. एकाही आकड्याचा पाय वाकडा नाही. लेक हळूच म्हणाली, "मम्मी, ये सब आजोबा ने लिखा है? पूरा?" मी म्हटलं, पूर्ण. अख्खं गाव ओसाड पडलं पण तुमच्या अक्षरात पडलं, बाबा, आणि मला तिथे उतरून प्रत्येक भिंतीला हात लावावासा वाटला. एकदोन भिंतींना लावलासुद्धा.

शाळेच्या दाराशी आमच्या वर्गातला एकजण उभा होता. सगळी देखरेख तोच करतो. लहानपणी काडीपहिलवान होता, आता त्याच्या आधी त्याचं पोट दिसतं. मला धुक्यातून ओळखलं आणि लांबूनच ओरडला, "अरे, जलेबी! जलेबी आ गई!" एकसष्टाव्या वर्षी, लेकीच्या देखत. लेक माझ्याकडे बघायला लागली. तिला हे नाव माहीत नव्हतं. ते नाव तुम्हांलाही माहीत नव्हतं, मी घरी कधी सांगितलंच नाही. म्हणून आता सगळं पहिल्यापासून सांगते.

मला शाळेत घातलंत तो दिवस मला आठवतो तो तुमच्या सदऱ्यामुळे. चौदा एप्रिलच्या जयंतीला घालायचात तो पांढरा, कडक इस्त्रीचा सदरा तुम्ही त्या दिवशी घातला होता. दाखल्याचं रजिस्टर लिहिणारे बाबू नाव विचारतात, तुम्ही आपलं आडनाव सांगता, ते लिहितात, आणि तुम्ही वाकून वाचता. त्यांनी ळ च्या जागी ल लिहिलेला असतो. तुम्ही हळू आवाजात म्हणता, "साहब, ये ल नहीं है, ळ है." बाबू दोनदा तोंड वाकडं करून बघतात, त्यांना जमत नाही, मग हसून म्हणतात, "भाई साहब, ये अक्षर हमारे यहाँ होता ही नहीं." त्यांची काही चूक नव्हती. नव्हताच तो इथे. तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, विषय संपला. मला तेव्हा तुमची ओळख कमी होती.

दोन वर्षांनी बड़े मास्साब, म्हणजे आपले हेडमास्तर, यांनी कारखान्याला चिठ्ठी पाठवली, की शाळेच्या भिंतीवर चित्रांसकट वर्णमाला लिहून हवी आहे, एखादा चांगला हात पाठवा. हात तुमचा गेला. दसऱ्याच्या सुट्टीत तुम्ही आठ दिवस ती भिंत लिहीत होता. मी डबा घेऊन यायचे आणि बाकावर बसून बघायचे. तुम्ही सुतळी निळीत बुडवून ताणून धरायचात, मधूनच चिमटीने उचलून सोडायचात, भिंतीवर सरळ निळी रेघ उठायची. मग डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवून अक्षर. साचा नाही, पेन्सिलीची खूण नाही. क ला कबूतर, ख ला खरगोश, त ला तरबूज. तरबुजाच्या बियासुद्धा एकेक करून काढल्यात. शेवटच्या दिवशी ह ला हाथी झाला आणि क्ष च्या आधी एक घर रिकामं राहिलं. ते तुम्ही मोजूनच ठेवलं होतं. त्यात तुम्ही ळ लिहिलात. आणि खाली एक पितळी नळ काढलात, तोटीतून पाण्याची धार पडणारा, आणि शब्द लिहिलात, नळ.

सुट्टीनंतर बड़े मास्साब भिंत बघायला आले. खूश झाले, हत्तीच्या डोळ्याला हसले, आणि मग चष्मा वर करून थांबले. "ये क्या है?" तुम्ही म्हणालात, "ळ है, साहब." ते म्हणाले, "नल में तो ल होता है." तुम्ही दोन्ही हात मागे बांधून उभे होता. मोठ्या माणसांसमोर तुम्ही असेच उभे राहायचात, पण मान खाली नसायची. तुम्ही म्हणालात, "हमारे नल में यही होता है, साहब. लड़की के नाम में भी है. रजिस्टर में ल लिख दिया, हमने कुछ नहीं कहा. बाबू जी बोले ये अक्षर यहाँ होता नहीं. तो हमने सोचा, कहीं एक जगह तो हो." अख्खा वर्ग ऐकत होता, मीही. बड़े मास्साब लखनौच्या चौक मोहल्ल्यातले जुने माणूस, त्यांचा नकारसुद्धा अत्तर लावून यायचा. ते भिंतीकडे एकदा परत बघून म्हणाले, "अच्छा, मेहमान अक्षर है. मेहमान को उठाते नहीं. बैठा रहने दीजिए." तुम्ही हात जोडलेत. पण घरी जाताना सायकलवर, मी पुढच्या दांडीवर बसलेली, तुम्ही माझ्या डोक्यावरून स्वतःशीच बोललात ते मला ऐकू आलं. "मेहमान नाही, साहेब. राह्याले आलो आमी."

नळच का काढलात ते मला फार उशिरा कळलं. ळ साठी बाळ काढता आलं असतं, सगळे तेच काढतात. आईने सांगितलं, तुम्ही गेल्यावर. गावच्या शाळेत तुम्हांला माठाला हात लावू देत नसत. कुणीतरी वरून ओतेल तर ओंजळीत प्यायचं, कुणी नसेल तर घरी जाऊन प्यायचं. आणि इथे कॉलनीत आपल्या क्वार्टरच्या मोरीत आपला स्वतःचा नळ होता, कधीही उघडावा. आई म्हणाली, पहिल्या दिवशी तुम्ही तो उगाचच चारपाच वेळा उघडबंद करून पाहिला होता. तुम्ही हे मला कधी बोलला नाहीत. भिंतीवर काढलंत फक्त.

आता माझी गोष्ट. तुमच्यासाठी तो नळ होता, वर्गासाठी ती जिलबी होती. ळ चा आकार बघा ना, दुसरं काय वाटणार? ज्याने मला परवा धुक्यातून हाक मारली त्यानेच पहिल्या दिवशी बोट दाखवलं, "अरे, ये तो जलेबी है! इसके पापा ने जलेबी बनाई है!" झालं. त्या दिवसापासून मी जलेबी. हजेरीला जलेबी, खेळात जलेबी. मुली हात धरून विचारायच्या, "तेरे नाम में जलेबी है? सच्ची?" आज कुणी असं म्हणालं तर मी डोकं वर करून हो म्हणेन आणि त्यालाही एक घास देईन. पण आठ वर्षांच्या मुलीला असलं हसू येत नसतं. तिला फक्त सगळ्यांसारखं व्हायचं असतं. मग एके दिवशी त्या अक्षरावर कुणीतरी कर्कटकाने रेघ मारली. वरपासून खालपर्यंत, खोल, चुना निघेपर्यंत. मास्साबांनी वर्गाला विचारलं, कुणी बोललं नाही. तुम्हांला निरोप गेला.

तुम्ही पाळी संपवून आलात. मला वाटलं, रागवाल. तुम्ही त्या रेघेवरून अंगठा फिरवलात, एखाद्याला लागलेलं बघावं तसा, आणि पुट्टीचा डबा उघडलात. वर्गात आपण दोघंच. मला म्हणालात, "ज्यानं केलं त्याले हे अक्षर येत नसन, बाई. येत असतं तं खोडलं नसतं." मग पुट्टी वाळल्यावर ब्रश माझ्या हातात दिलात. माझ्या मुठीभोवती तुमची मूठ, टर्पेंटाइनच्या वासाची. आपण दोघांनी मिळून तो ळ परत लिहिला. एक गोल, दुसरा गोल. ब्रश उचलायचा नाही, वळणावर श्वास सोडायचा, हे तुम्ही मला तेव्हा शिकवलंत. पुढे मी पस्तीस वर्षं फळ्यावर हिंदी लिहिली, हिंदीची मास्तरीण झाले, माझ्या अक्षराचं कौतुक करणारे बाराबंकीपर्यंत सापडतील, पण ते वळण त्या संध्याकाळचं आहे. हे मी कुणाला सांगत नाही, सगळ्यांना वाटतं अंगचंच आहे.

तर परवा. वर्गात गेले. बाक तेच, माझ्या गुडघ्यापर्यंत येणारे. दारातल्या काचेच्या पेटीत ते दाखल्याचं रजिस्टर ठेवलंय, आपलं पान उघडून नव्हे, दुसरंच कुठलं. आणि समोर भिंत. कबुतराची चोच गेली आहे, तरबुजाच्या बिया मात्र शाबूत. ह आणि क्ष च्या मध्ये ळ आहे. पुट्टी गळून पडली आहे त्यामुळे ती जुनी रेघ परत उघडी पडली आहे, पण दोन्ही बाजूंना तुमचे गोल उभे आहेत. खाली नळ गळतोच आहे. भिंतीसमोर पेंटर बसला होता, त्याच चौक मोहल्ल्यातला, पिकल्या दाढीचा, डबे अजून उघडले नव्हते. पोटवाल्याने मोठ्या उत्साहाने मला दाखवलं, "देखो, बस यही एक गड़बड़ है. इसे हटाकर यहाँ से क्ष, त्र, ज्ञ लिखवा देंगे. त्र छूटा हुआ है."

बाबा, पस्तीस वर्षं मी चाळीस-चाळीस पोरांना नजरेने गप्प केलंय. पण तिथे माझा आवाज तिसरीतलाच निघाला. लेक माझ्याकडे बघत होती. मग मी म्हटलं, "ये ग़लत नहीं है. ये मेरा अक्षर है. मेरे पिताजी ने मेरे नाम के लिए लिखा था." तो म्हणाला, "यार, तेरे नाम में तो ल है. रजिस्टर में देख लो." मी म्हटलं, "रजिस्टर में ग़लत है. दीवार पर सही है." आणि एकदा बोलायला लागले ती मग थांबलेच नाही. बाबू, बड़े मास्साब, मेहमान, नळ, गावचा माठ, सगळं सांगितलं. त्या वर्गात मी इतकं मोठ्याने कधीच बोलले नव्हते. सांगताना माझी मान इतकी ताठ होती की संध्याकाळी दुखायला लागली. तुमच्याबद्दल बोलताना मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. फुशारकीच आली नुसती, आणि ती मी मन भरेपर्यंत मारून घेतली.

पोटवाला काही बोलायच्या आतच पेंटर उठला. भिंतीला नाक लागेल इतका जवळ गेला. म्हणाला, "बहन जी, ये साँचे से नहीं लिखा है. सीधा ब्रश है. हम भी चालीस साल से लिख रहे हैं, ऐसा हाथ नहीं देखा." मग पोटवाल्याकडे वळून, "भाई साहब, इस दीवार पर हम ब्रश नहीं रखेंगे. जहाँ पपड़ी उखड़ी है वहाँ मसाला भर देंगे, बस. अक्षर को हाथ नहीं लगाएँगे." ळ समोर तो जरा रेंगाळला. मला विचारलं, "ये बोलते कैसे हैं?" मी बोलून दाखवलं. त्याला जमेना, ल आणि ड च्या मध्येच कुठेतरी अडकला. माझी लेक मागून म्हणाली, "ळ. जीभ पीछे ले जाइए, अंकल. नळ." स्वच्छ. लखनौत जन्मलेली, हिंदीत भांडणारी माझी लेक. मी वळून बघितलं तर खांदे उडवून म्हणाली, "क्या? आता है मुझे." तुम्ही तिथे हवे होता.

पोटवाला मोठ्या मनाचा निघाला. त्याने ग्रुपवर तिथल्या तिथे लिहिलं, अक्षर राहणार. पाहुण्यांची वही पुढे केली, मी सही केली, ळ ने. नोकरीभर सगळ्या कागदांवर ल होता, हे पहिलंच. मग कुल्हडमध्ये चहा देता देता तो त्या रेघेकडे बघून ओशाळला. म्हणाला, "सुन, ये जो खरोंच है ना... मुझे ठीक से याद नहीं, लेकिन उस वक़्त ऐसी हरकतें मैं ही करता था. मैंने ही मारी होगी. तेरे पापा ने इतने मन से बनाया था. माफ़ कर देना, यार." त्याचे डोळे खरंच भरले होते. मी चहाचा एक घोट घेतला आणि म्हटलं, "चल, माफ़ किया."

घरी आल्यापासून हे लिहितेय. टाकायची पेटी नाही आणि तुमचा पत्ताही नाही, तेव्हा हे माझ्या जुन्या पाठाच्या वहीत ठेवून देईन. लेकीला सापडलं तर वाचेल, तिला येतं म्हणे. आता उद्या पोटवाल्याला फोन करून सांगायला हवं, की अरे, ती रेघ तुझी नव्हती. सांगेन की नाही, माहीत नाही. त्याच्या आधी तुम्हांला सांगते, कारण त्या संध्याकाळी ब्रश हातात देताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नव्हतं, आणि ते का बघितलं नव्हतं हे मला आजतागायत उमगलेलं नाही. कर्कटक माझ्या कंपासपेटीतलं होतं. तुम्ही म्हणाला होता, येत असतं तर खोडलं नसतं. मला ते अक्षर येत होतं, बाबा.